पाण्याखालचे सुपे

ग्रीसच्या ईजियन समुद्रातील डीलोस हे बेट म्हणजे अपोलो देवतेचे जन्मस्थान, अशी प्राचीन ग्रीकांची श्रद्धा. शेजारच्या मिकोनोस बेटाच्या वाळूत ऊन खात पहुडलेला प्रवासी नावेने तेथे जातो, भग्न मंदिरांतून हिंडतो आणि त्याच दिवशी परततो. कारण डीलोसवर मुक्कामास मनाई आहे. केवळ ऊन आणि समुद्र यांसाठी आलेल्या पाहुण्यासही इतिहासासमोर घटकाभर उभे करणारी ही रीत आम्हांला अनुकरणीय वाटते.

बेटे आपल्या शेजारच्या जोयडा तालुक्यातही आहेत. समुद्र तेथून दूर; पण काळी नदीवरील १०१ मीटर उंचीच्या सुपे धरणामागे पसरलेल्या जलाशयातून हिरवे माथे वर आलेले दिसतात. गोव्यातील पुष्कळ मंडळी सुटीत अनमोड घाट चढून तिकडे जातात, गणेशगुडीला नदीत वल्ही मारतात, छायाचित्रे काढतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु हे माथे बुडालेल्या टेकड्यांचे आहेत, आणि याच पाण्याखाली, काळी व पांढरी या नद्यांच्या संगमावर, सुपे नावाचे नांदते गाव होते, हे त्यांना सांगणार कोण?

ते तालुक्याचे मुख्य ठिकाण होते. धरण १९८७ मध्ये पुरे झाले. कचेऱ्या जोयड्यास गेल्या आणि अनेक विस्थापित कुटुंबे रामनगरास वसविली गेली. त्याच रामनगरात आपण चहासाठी थांबतो आणि पुढे निघतो!

काळीच्या विजेची गरज आम्ही नाकारीत नाही. आणखी विश्रामधामे उठवा, असेही आमचे म्हणणे नाही; तो मुलूख वाघांचाही आहे. मात्र बुडालेल्या गावांची नावे सांगणाऱ्या कानडी, मराठी व कोंकणी फलकास वाघांची हरकत नसावी. वाटाड्याचे काम आणि घरगुती निवासाचे परवाने देताना विस्थापितांच्या मुलानातवंडांचा हक्क पहिला मानला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यातही एक काम थांबण्यासारखे नाही. गाव उठले तेव्हा जे ऐन तारुण्यात होते, ते आज साठीच्या पुढे आहेत. सुप्याची बाजारपेठ कोठे भरे, देऊळ कोणत्या काठावर होते, कोणत्या वाटेने घरसामान बाहेर काढले, हे त्यांनाच ठाऊक. त्यांची जबानी जिल्हा प्रशासनाने येत्या पावसाळ्यापूर्वी लिहून घ्यावी.