परसबागेतील रोपे आणि लावणीची घाई

परसबागेसाठी भाजीपाल्याची रोपे वाटण्याचा कार्यक्रम हल्ली गावोगाव होतो. तो स्तुत्य आहे यात शंका नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात दोन हजार उष्मांकांच्या दैनिक आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात असे सांगितले आहे. मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला इतकी भाजी रोज विकत घेणे परवडत नाही. घरामागील दोन वाफ्यांचे मोल त्यामुळेच मोठे आहे. परंतु वाटलेल्या रोपांपैकी जगली किती, याची नोंद क्वचितच ठेवली जाते. वाटपाच्या आकड्यावर समाधान मानण्याची ही रीत आता सोडली पाहिजे.

रोप मेले की 'बियाणेच वाईट' किंवा 'आमच्या जमिनीत भाजी होत नाही' असा निष्कर्ष निघतो आणि पुढील हंगामात त्या घरची गृहिणी परसात भाजी लावण्याचे नाव काढीत नाही. हे नुकसान चार रोपांच्या किमतीहून फार मोठे होय. वास्तविक दोष बहुधा बियाण्याचा नसतो, जमिनीचाही नसतो. शेडनेटच्या सावलीत, रोजचे पाणी पिऊन वाढलेले रोप लुसलुशीत असते. त्याच्या पानांवरील मेणचट आवरण पातळ असते. ते एकदम उन्हावाऱ्यात आणले म्हणजे पानांतून पाणी झपाट्याने उडून जाते. त्यातच गादीवाफ्यावरून उपटताना तंतुमुळे तुटली असतील, तर तितके पाणी मुळांना शोषता येत नाही आणि रोप मान टाकते. वाटपाचा समारंभ तर पाहुण्यांच्या सोयीने भर दुपारी होतो, व उत्साहाच्या भरात रोपे त्याच वेळी लावली जातात!

यावरील उपाय बिनखर्चाचा आहे. लावणीपूर्वी आठ-दहा दिवस रोपे काटक करावीत. प्रथम सकाळचे तास-दोन तास ऊन द्यावे, मग ते रोज थोडे वाढवीत अखेर दिवसभर उघड्यावर ठेवावीत. पाणी कमी करावे, पण रोपे सुकू देऊ नयेत. फार ताण दिलेले रोप खुरटते. याकरिता कार्यकर्त्यांनी रोपे सुटी न देता ट्रेसकट द्यावीत, म्हणजे अंगणातील शेवग्याच्या विरळ सावलीतही हे काम होते. टोमॅटोचे रोप सुमारे चार आठवड्यांचे, वांगी-मिरचीचे पाच-सहा आठवड्यांचे पुरे. उंच, लांबट रोप पाहून घेणारा खूष होतो खरा, परंतु बुटके व जाड खोडाचे रोप लवकर जीव धरते. भोपळा, दोडका, भेंडी, गवार यांच्या मुळांना हलविणे सोसत नाही. त्यांचे बी जागेवरच टोकावे. त्यांची रोपे वाटण्याचा हट्ट कशासाठी?

आदल्या सायंकाळी रोपांना पाणी देऊन दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर लावणी करावी व लगेच पाणी द्यावे. पुढे तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी द्यावी. न्हाणीचे साबणमिश्रित पाणी कोवळ्या रोपांवर सोडू नये. दुपारच्या उन्हात दोन-तीन दिवस निंबाच्या डहाळ्यांची सावली पुरते. थोडी रोपे राखून ठेवून आठवड्याच्या आत नांगे भरावेत. कार्यकर्त्याची फेरी दहाव्या दिवशी असावी आणि त्या दिवशी जिवंत दिसतील तेवढीच रोपे त्याने वहीत मांडावीत.