नाल्याचा आराखडा बायकांना का विचारत नाहीत?

मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्यापुरत्याच, तेही ओहोटी असेल तर. 1985च्या पुरानंतर महापालिकेने तज्ज्ञ नेमले. त्यांचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल 1993 साली आला : क्षमता दुप्पट करा, पाणी उपसणारी पंपिंग स्टेशने बांधा. अहवाल बराचसा कागदावरच राहिला. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुठे कामाला वेग आला.

हा पाइपांचा आणि पैशांचा प्रश्न, असे समजले जाते. पण वस्तीत पाणी शिरले की धान्य माळ्यावर कोण चढवते? सार्वजनिक संडास तुंबल्यावर दिवसभर कळ कोण सोसते? चिखल उपसण्यासाठी कामावर खाडा कोणाचा होतो? बाईचाच. कुठल्या गटाराचे पाणी आधी उलटते, भरतीला ते कुठवर चढते, हे तिला नेमके ठाऊक असते. आराखडा ठरतो त्या बैठकीला मात्र तिला कोणी बोलावत नाही. आणि नाला रुंद करायचा झाला की काठावरचे तिचे घर आधी जाते.

महाराष्ट्रात 2011च्या कायद्याने महापालिकांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. त्या जागांचा कस इथे लागायला हवा. काम निघण्याआधी वस्तीत, बायकांच्या सवडीच्या वेळी बैठक घ्या. आराखडा मराठीत, सर्वांना दिसेल असा लावा. आधी पर्यायी घर, मगच बुलडोझर.

मैत्रिणींनो, पुढच्या पावसाची वाट कशाला पाहायची? वॉर्ड ऑफिसात जाऊन आपल्या नाल्याचा आराखडा मागू या.