पगार शून्य, ड्युटी चोवीस तास

"तू तर घरूनच काम करतेस ना!"

हे वाक्य गेल्या दीड वर्षात किती वेळा ऐकलं, ते मोजणं मी सोडून दिलंय. बाबांना पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला, उजवी बाजू गेली आणि कुणी काही न बोलताच ठरलं, की जळगावात राहून त्यांचं करणार ती मी. आई नाही. दादा पुण्यात, आयटीत, त्याला सुट्टी मिळत नाही. मी फ्रीलान्सर, म्हणजे मला कायम सुट्टीच! धुळ्याच्या आत्याने तर अहिराणीत निकालच लावून टाकला, "आंडेर शे ना घरमा, ती करी."

आणि आंडेर, म्हणजे मुलगी, करतेच आहे. सकाळी डायपर, मग फिजिओचे व्यायाम, मग भरवणं, मग लॅपटॉप. एडिटरचा फोन नेमका बाबांना पलंगावरून खुर्चीत बसवताना येतो. गेल्या दिवाळीत मुंबईच्या एका चॅनेलची चांगली ऑफर नाकारली. त्या रात्री ओट्याशी उभी राहून मनसोक्त रडले. मग मासकॉमवाल्यांना जे जमतं तेच केलं. रिसर्च!

पहिला सुखद धक्का म्हणजे कायदा मला ओळखतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'केअरगिव्हर'ची व्याख्या आहे. दिव्यांग व्यक्तीची काळजी घेणारं कुणीही, घरचेसुद्धा, पैसे घेऊन किंवा न घेता. 'न घेता' हे दोन शब्द मी तीनदा वाचले.

दुसरा धक्का मात्र सुखद नव्हता. ज्यांना जास्त आधार लागतो, त्यांच्यासाठी केअरगिव्हर भत्त्याची तरतूद याच कायद्यात आहे, पण सरकारच्या आर्थिक कुवतीत बसेल तशी. केरळमध्ये अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी 'आश्वासकिरणम' योजना आली, महिना 600 रुपयांची. ब्रिटनमध्ये आठवड्याला किमान 35 तास सांभाळणाऱ्याला, काही अटींवर, भत्ता मिळतो. शिवाय एप्रिल 2024 पासून तिथल्या नोकरदारांना वर्षाला आठवडाभराची बिनपगारी रजाही मिळते. आपल्याकडे खासगी नोकरीत आजारी आई-वडिलांना सांभाळायला खास रजा देणारा कायदाच नाही.

मग आपल्या हातात काहीच नाही? आहे की! फक्त ते आपल्या नावावर नसतं, पेशंटच्या कागदावर असतं. म्हणून आधी कागद.

सुरुवात यूडीआयडी कार्डापासून. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, सरकारी रुग्णालयात तपासणी. पॅरालिसिसमुळे आलेलं अपंगत्वही यात धरलं जातं आणि पार्किन्सन्सही. एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्या पेशंटला रेल्वेत सवलत मिळते आणि सोबत्यालाही. त्यासाठी रेल्वेचं वेगळं कार्ड काढायचं, आपलं मंडळ भुसावळ. अवलंबून असलेल्या दिव्यांग आई-वडिलांवर खर्च करणाऱ्याला इन्कम टॅक्समध्ये 75 हजारांची वजावट मिळते. अपंगत्व 80 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाख. फक्त जुन्या करपद्धतीत हं! (दादा, वाचतोयस ना?)

आता नाजूक विषय. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार, स्वतःच्या कमाईत किंवा मालमत्तेवर ज्यांचं भागत नाही, असे आई-वडील मुलांकडे निर्वाहखर्च मागू शकतात. बाबा दालमिलमध्ये मुनीम होते, पेन्शन नाही. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात करायचा. आई-वडील राहतात तिथेच तो करता येतो, मुलगा पुण्यात असला तरी. त्यांना स्वतःला जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्तीही करू शकते. आणि अर्ज एकाच मुलावर झाला, तर तो बाकीच्या भावंडांनाही त्यात ओढू शकतो. मुलगा, मुलगी, नातू, नात, सगळे यात आले. गंमत बघा, सून या यादीत नाही. बहुतेक घरांत करते मात्र तीच!

धुळ्यात, देवपूरला राहणारी माझी एक मैत्रीण केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. मुलाला सेरेब्रल पाल्सी. तिची बदली थेट नागपूरला निघाली. तिने 2014 चा केंद्राचा आदेश शोधून काढला. दिव्यांग मुलाला सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला, प्रशासकीय अडचण नसेल तर, नेहमीच्या बदलीतून सूट देता येते. 2018 मध्ये त्यात जोडीदार आणि आई-वडीलही आले. साहेबांनी आधी नाक मुरडलं, पण बदली थांबली. "हा कागद आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं गं," ती म्हणाली.

कोण सांगणार? 2024 च्या टाइम यूज सर्व्हेत 15 ते 59 वयाच्या 41 टक्के बायका घरच्यांची काळजी घेण्यात वेळ देताना दिसल्या, पुरुष 21.4 टक्के. यात मुलांचं करणंही आलं. सगळे इतके बिझी, की कायदा वाचायला वेळ कुणाला!

मी प्रांत ऑफिसची पायरी चढले नाही. दादाला फक्त ते कलम व्हॉट्सअ‍ॅप केलं. दोन दिवस ब्लू टिक, उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी फोन, "तू मला कोर्टात खेचणार?" मी म्हटलं, "नाही रे. तू शनिवारी ये." तो आला. रात्री बाबांचा डायपर पहिल्यांदाच त्याने बदलला. बाहेर येऊन बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "हे तू रोज करतेस?"

आता महिन्यातले दोन वीकेंड त्याचे आणि दिवसा येणाऱ्या मावशींचा पगारही त्याचाच. मी त्या चॅनेलला पुन्हा मेल टाकलाय. बघू.

दोन नंबर सेव्ह करून ठेवा. ज्येष्ठांसाठी 14567 आणि तुमचं स्वतःचं डोकं बधिर झालं तर टेलि-मानसचा 14416. दोन्ही फुकट. आणि तुमच्या घरात हे सगळं दुसरंच कुणी करत असेल, तर या शनिवारी गाडी पकडा.