क्वार्टरचे माप

बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव फुल्यांचे नाव पुण्यात आदराने घेतले जाते. याच जोतीरावांनी दारूच्या प्रश्नावर नगरपालिकेला जाब विचारला होता, याची आठवण मात्र फारसे कोणी काढीत नाही. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. जुलै १८८० मध्ये त्यांनी व्यवस्थापक समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहून शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांना हरकत घेतली. पुढे १९०८ साली टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधने झाली. सामाजिक प्रश्नांवर या दोन परंपरांचे मार्ग सर्वस्वी भिन्न होते. परंतु दारूच्या बाबतीत दोहोंचा रोख दुकानावर आणि त्याला परवाना देणाऱ्या सत्तेवर होता.

आज हा रोख पार बदलून गेला आहे. तरुण मुले बेसुमार पितात, अशी हळहळ घरोघर व्यक्त होते आणि दोष संगतीवर, मोबाईलवर किंवा पाश्चात्त्य संस्कृतीवर टाकून सारे मोकळे होतात. अप्पा बळवंत चौकात स्पर्धापरीक्षेची पुस्तके घ्यायला येणारा विद्यार्थी, तुळशीबागेतल्या दुकानात राबणारा पोऱ्या आणि संगणक कंपनीतला पगारदार, या तिघांच्याही बोलीत ‘बसणे’ या क्रियापदाला आता एकच अर्थ उरला आहे. आठवडाभर थेंबही घ्यायचा नाही आणि शनिवारी रात्री, निकालाच्या दिवशी किंवा ३१ डिसेंबरला शुद्ध हरपेपर्यंत प्यायचे, ही रीत रूढ होत आहे. ‘आम्ही रोज थोडेच पितो?’ हा तिचा बचाव. शरीरशास्त्राला हा बचाव मान्य नाही.

जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा अधिक शुद्ध मद्यार्क पोटात जाणे म्हणजे घातक अतिपान मानते. आपल्याकडील व्हिस्की वा रममध्ये मद्यार्काचे प्रमाण सामान्यतः ४२.८ टक्के असते. हिशेब केला तर १८० मिलिलिटरची बाटली, म्हणजे ज्याला सारे ‘क्वार्टर’ म्हणतात ती, सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क देते. ८ टक्के मद्यार्काच्या स्ट्राँग बियरच्या दीड मोठ्या बाटल्यांतही तेवढेच विष असते. ज्याला मुले ‘थोडीशी’ म्हणतात, तिथेच धोक्याची रेषा आहे.

यकृत तासाला साधारणतः ७ ते १० ग्रॅम मद्यार्कच निकालात काढू शकते. म्हणजे एका क्वार्टरला सुमारे सहा ते साडेआठ तास लागतात. मोटार वाहन कायद्यानुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असणे हा गुन्हा आहे. ६० किलो वजनाच्या तरुणाने क्वार्टर झटपट रिचवली तर हे प्रमाण त्याच्या चौपटीवर जाऊ शकते. मध्यरात्री थांबलेला मुलगा पहाटे दुचाकीला किक मारतो, तेव्हा त्याची नशा उतरलेली नसते. उतरलेला असतो तो केवळ तिचा भास.

शेवटचा घोट घेतल्यावरही काही काळ रक्तातील मद्यार्क वाढतच राहतो. म्हणून ‘झोपू द्या, सकाळी ठीक होईल’ हा मित्रांचा सल्ला जीवघेणा ठरतो. श्वासोच्छ्वास चालविणारे मेंदूतील केंद्र मंदावते, उलटी श्वासनलिकेत जाते, रक्तातील साखर एकदम खाली येते. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांपैकी कशानेही मद्यार्क लवकर निघून जात नाही. हाक मारून न उठणाऱ्या, संथ किंवा अडखळत श्वास घेणाऱ्या मुलाला एका कुशीवर वळवावे, क्षणभरही एकटे सोडू नये आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पोलिसांच्या आणि पालकांच्या भयाने मुले हे टाळतात. त्यांचे हे भय घालविणे हे शिक्षकांचे आणि युवक संघटनांचे पहिले काम आहे. मेंदूची वाढ पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते. विवेक आणि स्मरण सांभाळणाऱ्या भागांवर या वयातले अतिपान सर्वाधिक आघात करते, हेही त्यांना सांगितले पाहिजे.

मात्र मुलांना उपदेश करणाऱ्या शासनाचा व्यवहार काय आहे? महाराष्ट्रात बियरसाठी वयाची २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. पिण्यासाठी परवानाही लागतो. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात १७ वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले, तेव्हा या नियमांची लक्तरे वेशीवर टांगली गेली. त्या मुलाला मद्यालयात मद्य मिळाले होते, असे तपासात पुढे आले. ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन आणि रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना झालेली अटक, हे पुढचे अध्याय सर्वांना ठाऊक आहेत. कष्टकऱ्याचा मुलगा त्या जागी असता तर त्याच्यासाठी कोण रात्रभर धावले असते?

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविले आणि त्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांच्या अधिक महसुलाची अपेक्षा व्यक्त केली. महाग दारू कमी प्यायली जाते, हे खरे. म्हणून करवाढीला आमचा विरोध नाही. परंतु त्याच निर्णयात धान्यापासून बनणाऱ्या मद्याचा ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा वर्ग निर्माण करण्यात आला. त्याची किमान किंमत १४८ रुपये, आणि तीही १८० मिलिलिटरला! आरोग्यशास्त्र जेथे धोक्याची रेषा आखते, नेमके तेच शासनाच्या विक्रीचे माप आहे. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या सेवनास प्रतिबंध करण्याचे कर्तव्य राज्यावर सोपविले असताना राज्याची योजना मात्र अधिक खपावर बेतलेली असते.

सरसकट दारूबंदी हा यावरचा उपाय, असे आम्ही म्हणत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली आलेली बंदी २०२१ मध्ये उठवावी लागली; विषारी हातभट्टीने २०१५ साली मालवणीत शंभराहून अधिक गरिबांचे बळी घेतले. पण बंदी नको म्हणजे बाजार मोकळा असा अर्थ होत नाही. परवाना देणे आणि महसूल गोळा करणे ही कामे एकाच खात्याच्या हाती असू नयेत. वय न तपासता विकणाऱ्याचा परवाना कायमचा रद्द व्हावा. दुकान बंद करण्यासाठी वस्तीतील स्त्रियांना मतदानाचा जो हक्क मिळाला आहे, त्याची वाट सोपी व्हावी. आणि दारूच्या महसुलाचा ठरावीक भाग व्यसनमुक्तीवर खर्च व्हावा. १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले. असे काम दर जिल्ह्यात शासनाच्या पैशाने चालले पाहिजे, केवळ सेवाभावावर सोडून भागणार नाही.

भिडे वाड्याची जुनी वास्तू २०२३ च्या डिसेंबरात पाडण्यात आली, ती तेथे राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी. स्मारक अवश्य व्हावे. त्याच्या उद्घाटनाला जे सत्ताधारी येतील, त्यांच्या हाती पुणेकरांनी जोतीरावांच्या १८८० च्या पत्राची एक प्रत द्यावी आणि उत्तर मागावे. ते उत्तर येणे आता फार लांबले आहे.