हात काळे करायची परवानगी

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांचा वेळ वाचेल. ज्या देशात दरवर्षी लाखांनी इंजिनियर तयार होतात, त्या देशात एखाद्या माणसाला स्वतःसाठी, स्वतःच्या हातांनी, फक्त एक गाडी बांधून, ती रीतसर तपासून घेऊन रस्त्यावर आणायची सरळ सोय नसावी ही लाजिरवाणी गोष्ट आहे. आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे अशी सोय असावी असं आपल्याला वाटतसुद्धा नाही.

मी इंग्लंडमध्ये मिडलँड्स भागात राहतो. पीएचडीसाठी आलो, संशोधनाची नोकरी मिळाली, राहिलो. घराशेजारच्या एका गाडीपुरत्या गॅरेजात अडीच वर्षं शनिवार-रविवार खपून मी एक किट कार बांधली. हे मावशीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, एवढा शिकलास ना? मग मेकॅनिक का नाही लावत एखादा?" तिच्या प्रश्नाकडे नंतर येतो. आधी किट कार म्हणजे काय ते सांगतो.

१९५७ साली लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने 'सेव्हन' नावाची गाडी काढली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन सीटा, दार नाही, छप्पर असलं तर असलं. त्या काळी इथे कारखान्यातून तयार होऊन आलेल्या नव्या गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांवर लागायचा नाही. मग काय, गाडी खोक्यांत भरून विकायची आणि घेणाऱ्याने ती घरी जोडायची! (जुगाड हा फक्त आपलाच गुण आहे असं समजणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) १९७३ च्या एप्रिलमध्ये परचेस टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि हा फायदा संपला. पण गाड्या बांधणं काही संपलं नाही. सेव्हनचे हक्क त्याच वर्षी केटरहॅमने घेतले आणि ती गाडी आजही किटमध्ये मिळते. कर वाचवायला सुरू झालेली गोष्ट करसवलत गेल्यावरही पन्नास वर्षं टिकते, याचा अर्थ तिच्यात कराहून मोठं काहीतरी असणार.

माझी गाडी त्याच घराण्यातली, पण किट दुसऱ्या एका छोट्या कंपनीचं. सांगाडा आणि पत्रे किटमध्ये आले. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल हे सगळं एका जुन्या माझदा एमएक्स-५ मधून काढलं. इंजिन १.८ लिटरचं, सुमारे १४० हॉर्सपॉवरचं. गाडीचं वजन ६०० किलोच्या आसपास. आता हे आकडे आपल्या मारुती ८०० शेजारी ठेवून बघा: वजन साधारण ६५० किलो, ताकद ३७ हॉर्सपॉवर. म्हणजे मारुतीहून हलकी गाडी आणि ताकद जवळजवळ चौपट! शून्यापासून शंभरला साडेपाच सेकंद लागतात. पार्श्वभाग जमिनीपासून वीतभर उंचीवर, डोळ्यांसमोर पुढची चाकं वळताना दिसतात, आणि पावसाळी दिवशी (म्हणजे इथे बहुतेक दिवशी) मांडीवर पाणी. मजा येते हे कबूल. पण मजा हा आजचा मुद्दा नाही.

मुद्दा आहे ती गाडी रस्त्यावर कशी आली हा.

इथे एक परीक्षा आहे. १९९८ पासून किट गाड्यांना ती 'सिंगल व्हेईकल अप्रूव्हल' या नावाने लागू होती, २००९ पासून तिच्या जागी 'इंडिव्हिज्युअल व्हेईकल अप्रूव्हल' आली, बोलण्यात आयव्हीए. गाडी सरकारी केंद्रावर न्यायची. परीक्षक दिवसाचा बराचसा भाग तिच्याभोवती, तिच्याखाली आणि तिच्या आत घालवतो. दिवे किती उंचीवर आहेत, आरशात काय दिसतं, पट्टे कशाला बांधलेत, धूर किती, आवाज किती, स्पीडोमीटर खरं बोलतो का. माणूस जिथे घासला जाऊ शकतो अशा बाहेरच्या प्रत्येक कडेला कमीत कमी अडीच मिलिमीटर त्रिज्येची गोलाई लागते. ती मोजतात! एखाद्या बोल्टचं उघडं टोक पुरतं नापास व्हायला.

सगळ्यात महत्त्वाचे ब्रेक. एसटीत उभे असताना ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की आपण सगळे पुढच्या माणसावर जातो ना, तसंच गाडीचं वजन पुढे जातं. मागची चाकं हलकी होतात आणि आधी अडकू बघतात. पुढची चाकं आधी अडकली तर गाडी निदान सरळ घसरते. मागची आधी अडकली तर ती भोवऱ्यासारखी फिरते. म्हणून मागची चाकं पुढच्यांच्या आधी अडकता कामा नयेत, असा नियम. कॉलेजात हे मी समीकरणात शिकलो होतो, पूर्ण मार्क मिळाले होते. पण ब्रेकचे पाइप स्वतः वाकवून बसवल्यावर आणि त्या गाडीत स्वतः बसायचं आहे हे माहीत असल्यावर ते समीकरण वेगळंच दिसतं.

नापास झालात तर कारणं कलमवार लिहून मिळतात, दुरुस्त करून परत या म्हणतात. पास झालात तर प्रमाणपत्र घेऊन नोंदणी करायची. गाडीचं वय किंवा ओळख नीट ठरवता येत नसेल तर नंबरप्लेटची सुरुवात 'क्यू' अक्षराने होते, म्हणजे पुढे विकत घेणाऱ्याला आपोआप समजतं. बस्स, संपलं. कोणाची ओळख लागत नाही, तुम्ही कंपनी आहात का असं विचारत नाहीत. उलट ही वाटच मुळी कंपनी नसणाऱ्यांसाठी आहे.

आता आपल्याकडे या.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम ५२ म्हणतं की उत्पादकाने मुळात जे ठरवलं आणि नोंदणीपुस्तकात जे लिहिलं त्याच्याशी विसंगत बदल मालकाने गाडीत करायचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी ठासून सांगितलं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम नमुना गाडी तपासून घ्यायला सांगतो, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत. पण तो बोलतो उत्पादकाशी आणि आयात करणाऱ्याशी. हजारो गाड्या विकणाऱ्याला एका नमुन्याच्या चाचण्यांचा खर्च परवडतो. एकच गाडी बांधणाऱ्याची ती एकच गाडी हाच नमुना आणि हेच सगळं उत्पादन! त्याने काय करायचं? आणि उत्तरेत पंपाची इंजिनं लावून जी 'जुगाड' वाहनं फिरायची, त्यांनाही कायदा लागू होतो असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. ते बरोबरच होतं. पण याचा परिणाम असा की आपल्या व्यवस्थेला दोनच गोष्टी ओळखता येतात: एक कंपनीची गाडी आणि दुसरी बेकायदा गाडी. एका माणसाने बांधलेली, पण तपासलेली गाडी नावाचा तिसरा रकानाच फॉर्मवर नाही.

हा रकाना नसला की काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिराने भंगारातून बनवलेली, किक मारून सुरू होणारी छोटी जीप देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, आणि त्याच दमात हेही लिहिलं की नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अधिकारी ही गाडी अडवतील. त्यांनी त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि २०२२ च्या जानेवारीत दिलीही. महिंद्रांचा मोठेपणा आहेच, त्यात वाद नाही. पण आपण सगळ्यांनी टाळ्या कशाला वाजवल्या ते एकदा बघा. हाताने बनवलेली गाडी बघण्याची वस्तू झाली आणि बनवणाऱ्याला कारखान्याची गाडी मिळाली. या गोष्टीचा याहून चांगला शेवट आपल्याला सुचलाच नाही. ती जीप कोणीतरी नीट तपासावी, हे-हे बदल करून आण म्हणून त्याला कागद द्यावा, आणि बदल केले तर नंबर द्यावा, असं किती जण म्हणाले?

यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत.

पहिला: "सुरक्षिततेचं काय?" रास्त प्रश्न. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि आयव्हीए परीक्षेत गाडी भिंतीवर आपटून बघत नाहीत (एकच गाडी आहे, आपटली की संपली). टक्कर झाली तर तयार गाडीपेक्षा माझे हाल जास्त होतील. हा धोका मी समजून-उमजून घेतलाय, जसा मोटरसायकलवर बसणारा प्रत्येक जण रोज घेतो. परीक्षेचा मोठा भर आहे तो दुसऱ्यांवरच्या धोक्यावर: ब्रेक, दिवे, कडा, धूर. तो धोका ती चोख तपासते. आणि आपल्याकडे २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली. ती काय घरी बांधलेल्या गाड्यांनी मेली? न तपासलेली गाडी धोक्याची असते हे खरं. मग तपासा ना! तपासायची सोय न करता बंदी घालायची, याला सुरक्षितता म्हणत नाहीत, हात झटकणं म्हणतात.

दुसरा: "हे श्रीमंतांचे चोचले." मला सगळं मिळून सुमारे ९ हजार पौंड लागले, अडीच वर्षांत थोडे थोडे. रक्कम लहान नाही, पण इथे बरेच लोक जुन्या तयार गाडीला तेवढेच देतात. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांचं पुस्तक आलं, अवघ्या अडीचशे पौंडांपासून स्पोर्ट्स कार बांधता येते असा दावा करणारं. त्यावरून स्वतः सांगाडा वेल्ड करणाऱ्यांची एक अख्खी जमात उभी राहिली. आणि श्रीमंतांच्या चोचल्यांचं म्हणाल तर त्यांची सोय आपल्या सरकारने केलेली आहे! जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, चालवायची ती प्रदर्शन, रॅली वगैरे ठरावीक कारणांसाठीच. चांगला नियम आहे. पण त्यातून हेही सिद्ध होतं की मनात आणलं तर आपला कायदा हौशी माणसासाठी वेगळा रकाना काढू शकतो. आजोबांनी ठेवलेल्या गाडीसाठी काढला. नातवाने बांधलेल्या गाडीसाठी का नाही?

तिसरा आक्षेप मावशीचा, आणि खरा अडसर तोच आहे. एवढं शिकून हात काळे कशाला करायचे? इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाचं वर्कशॉप आठवा. फिटिंगचा जॉब असायचा, दोन लोखंडी तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसवायचे. वर्गातली अर्धी पोरं तो वर्कशॉपच्या मामांकडून पैसे देऊन करून घ्यायची, आणि जर्नल मात्र स्वच्छ अक्षरात. ज्याला ते काम खरंच येत होतं तो मामा, आणि ज्याला येत नव्हतं तो पुढे साहेब! ही वाटणी आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की कायद्यात तिसरा रकाना नसल्याचं आपल्या लक्षातही येत नाही. मागणीच नाही, तर सोय कोण करणार?

चॅपमनने लोटसची पहिली गाडी १९४८ मध्ये बांधली ती विद्यार्थी असताना, एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर, मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजात. गॉर्डन मरेने साठच्या दशकात दक्षिण आफ्रिकेत स्वतःची रेसिंग कार बांधून शर्यतीत पळवली. पुढे १९९२ ची मॅकलॅरेन एफ१ त्याच माणसाने आखली. गॅरेजात शिरलेला प्रत्येक जण चॅपमन होत नाही, मी तर नाहीच. पण गॅरेजला कुलूप घातलं तर एकही होणार नाही. आपल्याकडे २००७ पासून बाहाची स्पर्धा होते, पोरं रात्र-रात्र जागून गाड्या बांधतात, पिथमपूरला जाऊन पळवतात. हौस आहे, अक्कल आहे, वेल्डिंग येतं. स्पर्धा संपली की गाडी कॉलेजच्या कोपऱ्यात आणि पोरगं कॉम्प्युटरसमोर. कारण त्यापुढे रस्ताच नाही, अगदी शब्दशः.

मागणं फार मोठं नाही. एका माणसाला स्वतःच्या वापरासाठी एक गाडी. वर्षाला देशभरात ठरावीक आकडा, सुरुवातीला पाचशे म्हणा. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, कडा, धूर, आवाज यांची एका दिवसाची कडक परीक्षा, छापील निकषांवर. नापास झाल्यास लेखी कारणं. काही वर्षं विकायला बंदी, वेगळी नंबरप्लेट, विमा सक्तीचा. तपासायला लागणारी माणसं आणि यंत्रं पुण्यात आजही आहेत. एआरएआय १९६६ पासून हेच काम करते आहे, फक्त कंपन्यांसाठी.

तेव्हा कोणी 'आपले इंजिनियर नवीन काही बनवत का नाहीत' असा परिसंवाद भरवला, तर व्यासपीठावरच्या साहेबांना एवढंच विचारा: बनवलं, तर ते तपासून द्यायला कुठे न्यायचं? पत्ता सांगा.