रेणापूरचे सोयाबीन आणि वॉशिंग्टनची सही

अमेरिकेत 5 नोव्हेंबर 2024 रोजी मतदान झाले, तेव्हा रेणापूर तालुक्यातले सोयाबीन लातूरच्या आडतीवर येत होते. या दोन गोष्टींचा संबंध पुढच्या वर्षी उघड झाला. डोनाल्ड ट्रम्प यांनी चीनवर आयातशुल्क लादले, चीनने अमेरिकी सोयाबीनकडे पाठ फिरवली आणि त्या मालाला नवे गिऱ्हाईक शोधणे ही वॉशिंग्टनची गरज झाली. भारताने शेतीची बाजारपेठ खुली करावी, हा आग्रह वाढला. 27 ऑगस्ट 2025पासून भारतीय मालावर 50 टक्के शुल्क बसले. त्यातला निम्मा भार रशियन तेलाच्या खरेदीबद्दल होता. अमेरिकी राज्यघटनेने शुल्काचा अधिकार संसदेला दिला आहे. तरीही 1977च्या आणीबाणीविषयक कायद्याच्या आधारे एकाच माणसाच्या सहीने हे घडले.

यावर असे म्हटले जाते, की राष्ट्राध्यक्ष बदलले तरी राष्ट्रहित बदलत नाही. त्यात तथ्य आहे. चीनवरचे 2018चे बहुतेक शुल्क बायडेन यांनीही कायम ठेवले. बुश यांनी भारताशी केलेला अणुकरार ओबामांनी मोडला नाही. पण धोरणाची दिशा टिकली, तरी त्याचा वेग आणि त्याची किंमत कोणावर पडणार, हे निवडून आलेली व्यक्ती ठरवते. शेतकऱ्याचे पीक त्या किमतीवरच तरते किंवा बुडते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: सोयाबीन पडले ते आपल्याच धोरणामुळे. हेही खरे. 2024च्या हंगामात हमीभाव 4892 रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली होता, ट्रम्प यांनी शपथ घेण्याआधीच. मे 2025मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क दिल्लीनेच 20वरून 10 टक्क्यांवर आणले. मात्र आधीच वाकलेल्या शेतकऱ्यावर बाहेरचा भार अधिक जड होतो. अमेरिकी शुल्काने कापड उद्योग अडचणीत येताच, ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क तात्पुरते उठवले. गिरण्यांना दिलेल्या या सवलतीची झळ नांदेड-परभणीच्या कापूसवाल्याला बसली.

शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड नाही, असे पंतप्रधानांनी 7 ऑगस्ट 2025 रोजी जाहीर केले. त्या शब्दाला कायद्याचे बळ हवे. आपल्याकडे परराष्ट्र करारांना संसदेची मंजुरी लागत नाही. सरकार करार करते, खासदारांना तो नंतर कळतो. अमेरिकेच्या निवडणुकीत रेणापूरला मत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण सोयाबीन, पेंड आणि कापसाच्या आयातीची अट असलेला करार लातूरच्या खासदाराला सभागृहात एकदाही अडवता येऊ नये, हे मान्य करण्याचे कारण मला दिसत नाही.