फळीतल्या सिमेंटचा हिशेब

विदर्भात कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटायची आणि बांधावर पेटवून द्यायची, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. या पऱ्हाटीचे पार्टिकल बोर्ड करण्याचे तंत्र मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने केव्हाच विकसित केले आहे. पण असे बोर्ड सहसा फॉर्माल्डिहाइडच्या राळेने चिकटवतात आणि ओल लागली की ते फुगतात. राळेऐवजी सिमेंट घातले तर फळी सहजी पेटत नाही, वाळवीही तिच्या वाटेला जात नाही. मग तिला लाकडाची, म्हणून पर्यावरणस्नेही, असे लेबल लावायचे का?

इतकी घाई नको. या फळीत वजनाने निम्म्याहून अधिक सिमेंटच असते. सिमेंटचा मुख्य घटक असलेल्या एक टन क्लिंकरमागे ८०० किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा कोळशाचा नव्हे, भाजल्या जाणाऱ्या चुनखडीचाच असतो. भट्टीचे इंधन बदलून तो टळत नाही. क्लिंकरच कमी करावे लागते.

त्याचा मार्ग आपल्याकडे तयार आहे. निम्मे क्लिंकर, सुमारे ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी आणि थोडे जिप्सम, असे हे ‘एलसी-३’ सिमेंट. स्वित्झर्लंडमधील संशोधक कॅरन स्क्रिव्हनर यांच्या चमूबरोबर दिल्ली आणि मद्रासच्या आयआयटींनी त्यावर काम केले. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये या प्रकारच्या सिमेंटचे मानकही काढले. माती भाजायला ७०० ते ८५० अंश पुरतात. क्लिंकरला १४५० लागतात. कार्बनमध्ये ४० टक्क्यांपर्यंत घट होते. चिनी मातीच्या खाणींवर हलक्या प्रतीची म्हणून बाजूला सारलेली मातीही चालते.

फळीसाठी हे सिमेंट केवळ ‘हिरवे’ नाही, अधिक योग्यही आहे. नेहमीच्या सिमेंटमधला मोकळा चुना आणि तीव्र क्षार वनस्पतीचा तंतू हळूहळू ठिसूळ करतात. भाजलेली माती तो चुना स्वतःच खाऊन टाकते आणि तंतू जास्त टिकतो. अडचणी आहेतच. पहिल्या दिवसाची ताकद कमी भरते, म्हणून कारखान्यात साचे अधिक वेळ अडकून पडतात. फळीत पऱ्हाटीऐवजी उसाचे चिपाड वापरायचे तर उरलीसुरली साखर आधी धुवून काढावी लागते. साखरेमुळे सिमेंट घट्ट व्हायला उशीर होतो.

सिमेंटला पर्याय म्हणून मॅग्नेशियम ऑक्साइडच्या बोर्डांची जाहिरात सध्या जोरात असली, तरी त्यांच्यापासून जपून राहिलेले बरे. त्यांच्यासाठी मॅग्नेसाइट भाजतानाही कार्बन सुटतोच. डेन्मार्कमध्ये २०१० नंतर बाहेरच्या भिंतींत बसवलेल्या अशा बोर्डांनी दमट हवेतली ओल शोषली, त्यांतून खारे पाणी गळू लागले आणि खिळे गंजले. कोकणात काय होईल, ते सांगायला नको.

राज्य सरकारने सुरुवात जिल्हा परिषद शाळा आणि अंगणवाड्यांच्या आतल्या भिंतींपासून करावी. निविदेत सिमेंटचे नाव वा ग्रेड न लिहिता फळीची ताकद, आगीतली वागणूक आणि टनामागचा कार्बन मागावा. ही ताकद निव्वळ २८व्या दिवशी मोजून भागणार नाही. फळी वारंवार भिजवून, सुकवून पुन्हा मोजल्याशिवाय कंत्राटदाराचे बिल निघता कामा नये.